अजून नाही

पहाटे साडेपाचला दूध संकलन केंद्रावर रांग लागते. कोणाच्या हातात किटली असते, कोणाच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन. सचिव एकेकाचं दूध काट्यावर घेतात, नमुना फॅटच्या यंत्रात जातो, दर ठरतो आणि पावती निघते. काटा, फॅटचं यंत्र आणि प्रिंटर यांना जोडणारा एक लहानसा डबा टेबलाच्या कोपऱ्यात असतो. त्या डब्यात लिनक्स चालतं. वीज आल्यापासून लिनक्सच्या हाती कारभार जाईपर्यंतचे पहिले दोन-तीन सेकंद हे माझं कामाचं क्षेत्र. पुण्यात बसून गेली चौदा वर्षं मी याच दोन-तीन सेकंदांसाठी कोड लिहिते आहे.

या सेकंदांत काहीही गृहीत धरता येत नाही. प्रोसेसर जागा होतो तेव्हा मुख्य मेमरी सुरू झालेली नसते, घड्याळं लागलेली नसतात, एक अक्षर बाहेर छापायचीही सोय नसते. स्टॅक कुठे आहे हे ठरल्याशिवाय सी भाषेतलं साधं फंक्शन बोलावता येत नाही. रॅम सुरू झाल्याशिवाय मोठा कोड ठेवायला जागा नसते. इंटरप्ट आला तर कुठे जायचं हे ठरल्याशिवाय इंटरप्ट उघडायचे नसतात. सगळं एकावर एक रचत जायचं. क्रम चुकला की यंत्र तिथल्या तिथे अडेल आणि चूक आपोआप समोर येईल, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती एका हिवाळ्यात मोडली.

आम्ही डब्यातलं लिनक्स नव्या आवृत्तीवर नेलं होतं. प्रयोगशाळेत शेकडो वेळा चालू-बंद करून पाहिलं, एकदाही अडलं नाही. मग काही केंद्रांवर ते बसवलं आणि आठवड्याभरात तक्रारी आल्या. पहाटे वीज आली की डबा सुरूच होत नाही, पडदा काळा राहतो. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की चालतो. एका सचिवांनी फोनवर मला सांगितलं, "मॅडम, लोक किटल्या घेऊन थंडीत उभे राहतात हो. दहा मिनिटं गेली की दूध खाजगीवाल्याकडे जातं." ते रागावून बोलत नव्हते, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात राहिलं.

जुनी आवृत्ती परत घातली की तक्रार थांबायची. म्हणजे दोष नव्या लिनक्समध्ये, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. दोन आठवडे मी आणि माझी एक तरुण सहकारी लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले बदल चाळत बसलो. कुठे संशय आला की तिथे, कर्नलमध्ये किंवा त्याला सुरू करून देणाऱ्या आमच्या बूटलोडरमध्ये, एक ओळ छापायला लावायची, पुन्हा बिल्ड करायचं, केंद्रावर पाठवायचं. आम्ही छापायची ओळ घातली की दोष नाहीसा व्हायचा. काढली की कधी परतायचा, कधी नाही.

एका शनिवारी मी गावी गेले. माझे वडील वीज मंडळात १३२ केव्हीच्या उपकेंद्रावर ऑपरेटर होते. निवृत्तीला आता बरीच वर्षं झाली, पण रात्री दिवे गेले की अजूनही ते अंगणात येऊन कुठला फीडर गेला असेल याचा अंदाज बांधतात. मी त्यांना सांगितलं की डबा फक्त पहाटे वीज आल्यावर अडतो, एरवी नाही. ते म्हणाले, "अगं, वीज आली म्हणजे लगेच पूर्ण दाबानं आली असं नसतं. शेतकऱ्यांच्या मोटारींना ऑटो लावलेले असतात. फीडर चालू झाला की सगळ्या पंपांच्या मोटारी एकदम उचलतात. शेवटच्या टोकाच्या गावाला थोडा वेळ दाब पडलेलाच असतो."

प्रयोगशाळेत आम्ही डबा नेहमी भरवशाच्या पुरवठ्यावर चालवला होता. सोमवारी मी डिमरस्टॅट मागवला आणि व्होल्टेज खालून हळूहळू चढवत डबा चालू केला. पाचव्या खेपेला पडदा काळा राहिला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच दोष आमच्या टेबलावर, आमच्या डोळ्यांसमोर होता. डीबगर जोडून प्रोसेसर थांबवला आणि तो कुठल्या पत्त्यावर उभा आहे ते वाचलं. तो पत्ता लिनक्सचा नव्हता. आमच्या बूटलोडरचा होता, पण बूटलोडर ज्या जागेवर असायला हवा होता तिथलाही नव्हता. बूटलोडर ती जागा केव्हाच सोडून गेला होता.

हे समजायला बूटलोडरचा एक गुण माहीत हवा. आम्ही यू-बूट वापरतो. रॅम सुरू झाल्यावर यू-बूट आधी एका ठरलेल्या पत्त्यावर येतो, थोडी जुळवाजुळव करतो आणि मग स्वतःची प्रत रॅमच्या वरच्या टोकाला नेऊन बसवतो. खालची जागा लिनक्ससाठी मोकळी राहावी म्हणून हे स्थलांतर. मात्र कोडमध्ये ठिकठिकाणी जुने पत्ते लिहिलेले असतात. ते बदलण्यासाठी बिल्डच्या वेळी एक यादी तयार होते: अमुक ठिकाणी पत्ता आहे, तो दुरुस्त कर. ३२ बिटांच्या एआरएमवर या यादीतली प्रत्येक नोंद दोन शब्दांची असते. पहिल्या शब्दात ठिकाण आणि दुसऱ्यात नोंदीचा प्रकार. आपल्याला हव्या त्या प्रकाराचा क्रमांक आहे २३. स्थलांतर करणारा कोड एकेक नोंद बघतो. प्रकार २३ असेल तर पत्ता दुरुस्त करतो, नसेल तर काही न बोलता पुढे जातो.

आता दुसरी बाजू. सी भाषेत ज्या ग्लोबल किंवा स्टॅटिक चलांना सुरुवातीची किंमत दिलेली नसते, ती बीएसएस नावाच्या विभागात जातात आणि त्यांची किंमत शून्य असते, असं आपण कॉलेजात शिकतो. पण ते शून्य आपोआप येत नाही. कोणीतरी ती जागा पुसून शून्य करावी लागते आणि यू-बूट ते काम स्थलांतर झाल्यावर करतो. तोपर्यंत बीएसएस वापरू नका, असं त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे. स्थलांतराआधी ते वापरायचंच नसल्यामुळे त्या पत्त्यांवर, जागा वाचवायला, पत्तेदुरुस्तीची यादी ठेवलेली असते. एकाच खोलीत सकाळी एक बिऱ्हाड आणि दुपारनंतर दुसरं.

आमच्या कोडमध्ये स्थलांतराआधी बोर्डावरच्या एका चिपकडून मूल्य वाचलं जायचं. पुरवठा हळू चढला तर ती चिप पहिल्या हाकेला ओ देत नसे, म्हणून कोड पुन्हा प्रयत्न करायचा. किती वेळा प्रयत्न करावा लागला ते मोजायला एक स्टॅटिक चल होतं. पहिला प्रयत्न फसला की त्यात एक मिळवायचं. तिथे शून्य असेल असं लिहिणाऱ्याला वाटलं. प्रत्यक्षात तिथे यादीतल्या एका नोंदीचा प्रकार होता. २३ चे २४ झाले.

पुढचं सगळं त्या एका आकड्यातून निघालं. स्थलांतराच्या कोडला २४ हा प्रकार ओळखीचा नव्हता, तो पुढे गेला. एका फंक्शनचा पत्ता जुनाच राहिला. तरी काही बिघडलं नाही, कारण जुन्या जागी यू-बूटची जुनी प्रत अजून जशीच्या तशी पडलेली होती. ते फंक्शन जुन्या प्रतीतून चालायचं आणि बरोबर चालायचं. मग लिनक्सची नवी आवृत्ती आली. तिची फाइल जुनीपेक्षा मोठी होती. रॅममध्ये ठेवल्यावर तिचं शेपूट त्या जुन्या प्रतीवर पोचलं. तो न बदललेला पत्ता नेमका अशा फंक्शनचा होता, जे लिनक्सच्या हाती कारभार देण्याआधी एका ड्रायव्हरला आवरतं घ्यायला सांगतं. प्रोसेसर त्या पत्त्यावर गेला तेव्हा तिथे फंक्शनच्या जागी दाबून भरलेल्या लिनक्सचे बाइट होते.

छापायची ओळ घातल्यावर दोष का लपायचा, तेही आता कळलं. बूटलोडरचं बिल्ड बदललं की ते चल आणि ती यादी एकमेकांच्या तुलनेत सरकायची. धक्का दुसऱ्याच नोंदीला बसायचा, बहुधा अशा पत्त्याला, जो कधी वापरलाच जात नाही.

मला सर्वांत जास्त चटका लावला तो त्या मोजणीनं. प्रयत्नांची संख्या आम्ही प्रत्येक बूटच्या नोंदीत छापत होतो. ती कायम शून्य असायची. वर्षभर ते शून्य बघून आम्ही समजत होतो की चिप नेहमी पहिल्याच हाकेला उत्तर देते. खरं तर स्थलांतरानंतर बीएसएस पुसलं जायचं आणि मोजलेला आकडाही त्याच्याबरोबर जायचा. ज्या ओळीनं दोष घडवला, तिनंच त्याचा पुरावाही पुसला. आणि ती ओळ तपासून मंजूर करणारी मीच होते. लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम तपासावा, तशी मी ती वाचली होती. तिथे ती अगदी निर्दोष ठरली असती.

त्या दिवसानंतर माझी विचार करायची पद्धत बदलली. सुरुवातीच्या कोडमध्ये जी गोष्ट तयार नसते, ती गैरहजर नसते. तिचा पत्ता असतो. तिथून काहीतरी वाचता येतं, तिथे काहीतरी लिहिता येतं. ती उत्तर देते, फक्त ते उत्तर तिचं नसतं. एखाद्या गोष्टीबद्दल विचारलं तर 'आहे' किंवा 'नाही' एवढीच दोन उत्तरं द्यायची आपल्या कोडला सवय असते. बूटच्या वेळी तिसरं उत्तर लागतं: 'अजून नाही'. ज्या कोडला हे तिसरं उत्तर देता येत नाही, तो वेळ येण्याआधी काहीतरी खोटं उत्तर देतो.

पुढच्या वेळी घरी गेल्यावर वडिलांना मी हे सगळं सांगितलं. २३ आणि २४ त्यांना समजले नसतील, पण क्रमाचा प्रश्न लगेच समजला. उपकेंद्रात लाइन बंद करताना आधी ब्रेकर उघडायचा, मग आयसोलेटर. चालू करताना आधी आयसोलेटर लावायचे, ब्रेकर सर्वांत शेवटी. आयसोलेटर भाराचा प्रवाह तोडण्यासाठी बनवलेलाच नसतो. भार असताना तो उघडला तर ठिणगीचा लोळ उठतो आणि समोरच्या माणसाच्या जिवावर बेततं. मी विचारलं, "एवढं सगळं रात्रपाळीला ध्यानात कसं राहायचं?" ते म्हणाले, "ध्यानात ठेवायचंच होतं. पण त्याच्यावर सोडलेलं नव्हतं. इंटरलॉक होते. ब्रेकर उघडल्याशिवाय आयसोलेटर हलायचाच नाही. आयसोलेटर उघडल्याशिवाय अर्थ स्विच लागायचा नाही. झोपेतल्या माणसालाही यंत्र नाही म्हणायचं."

आमच्याकडे नेमका इंटरलॉक नव्हता. नियम होता, तोही लिहिलेला. पण तो कागदावर होता, आणि एखादं चल तो मोडणार नाही याची जबाबदारी वाचणाऱ्याच्या आठवणीवर होती.

मग मी लिनक्सचा कोड त्या नजरेनं पुन्हा वाचायला घेतला. कर्नलची सी भाषेतली सुरुवात स्टार्ट_कर्नल या एका फंक्शनपासून होते. पूर्वी मला ती बोलावण्यांची एक लांबलचक रांग वाटायची. आता दिसलं की त्या रांगेत जागोजागी राखणदार उभे केलेले आहेत. सुरुवातीलाच इंटरप्ट बंद केले जातात आणि 'अजून इंटरप्ट बंद आहेत' असं एका चलात नोंदवलं जातं. पुढे, ते अधिकृतपणे उघडायच्या आधी, कोणी मधल्या मध्ये उघडले नाहीत ना ते तपासलं जातं. उघडे सापडले तर कर्नल तसा इशारा छापतो. मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेचंही तसंच. पहिल्या टप्प्यात मेमब्लॉक नावाची साधी व्यवस्था असते, खरी वाटणी पुढे सुरू होते, आणि मधल्या काळात कोणालाही विचारता येतं की वाटणी आता सुरू झाली का. चालत्या कोडमधल्या शाखा बदलणाऱ्या स्टॅटिक की तयार होण्याआधी कोणी त्यांना हात लावला, तर कोणत्या कीला लावला हे नावानिशी सांगणारा इशारा आहे. आणि आख्खी यंत्रणा कुठल्या टप्प्यावर आहे, बूट होते आहे, शेड्यूलर सुरू झाला आहे की सगळं नीट चालू आहे, हे सांगणारं एक चल आहे.

उलट दिशेचीही काळजी घेतलेली दिसली. बूटपुरता लागणारा कोड वेगळ्या विभागात ठेवतात आणि बूट झाल्यावर ती मेमरी मोकळी करतात. त्यानंतर त्या कोडला कोणी हाक मारली तर तिथे दुसरंच काही असतं, अगदी आमच्या जुन्या प्रतीसारखं. म्हणून बिल्डच्या वेळीच एक साधन तपासतं की कायम राहणारा कोड या तात्पुरत्या विभागाकडे बोट तर दाखवत नाही. 'अजून नाही' इतकंच 'आता नाही' हेही महत्त्वाचं.

ड्रायव्हरच्या बाबतीत तर हे तिसरं उत्तर कर्नलनं चक्क आकडा देऊन रुजवलं. सुरुवातीची फंक्शनं पातळ्यांमध्ये वाटलेली असतात आणि एकाच पातळीवरच्या फंक्शनांचा क्रम, मेकफाइलमध्ये कोणाचं नाव आधी आहे, त्यावर ठरतो. हा क्रम हातानं सांभाळणं दरवर्षी अवघड होत गेलं. २०१२ मध्ये आलेल्या ३.४ आवृत्तीत ड्रायव्हरला एक नवी सोय मिळाली. त्याला लागणारं घड्याळ किंवा वीजपुरवठा अजून तयार नसेल, तर ड्रायव्हर उणे ५१७ हा संकेत परत करतो. त्याचा अर्थ: मी अपयशी नाही, मला नंतर बोलवा. कर्नल त्याला बाजूच्या यादीत ठेवतो आणि दुसरा एखादा ड्रायव्हर यशस्वी झाला की त्या यादीला पुन्हा संधी देतो. दोघे एकमेकांची वाट बघत राहिले तर दोघेही अडून बसतात. पण तेव्हाही कोण खोळंबलं आहे त्यांची यादी डीबग फाइलमध्ये वाचता येते. खोटं उत्तर शोधायला दोन आठवडे लागतात, खोळंबलेल्याचं नाव वाचायला एक मिनिट.

आमच्या बूटलोडरमध्ये आम्ही चार गोष्टी केल्या. मोजणीचं चल यू-बूटच्या ग्लोबल डेटामध्ये हलवलं. ही रचना अगदी सुरुवातीला तयार होते, तिचा पत्ता प्रोसेसरच्या एका राखीव रजिस्टरमध्ये असतो आणि स्थलांतर होताना तिच्यातली माहिती टिकते. दुसरं म्हणजे, स्थलांतराआधी चालणाऱ्या आमच्या फाइली ठरवून दिल्या आणि त्यांच्यातलं एकही चल बीएसएसमध्ये गेलं तर बिल्ड थांबवणारी तपासणी लिहिली. तिसरं, जी फंक्शनं स्थलांतरानंतरच चालायला हवीत त्यांच्या तोंडाशी टप्पा तपासणारी ओळ घातली.

चौथी गोष्ट माझ्या सहकारीनं सुचवली आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. ती म्हणाली, "जुनी प्रत तशीच पडून राहिली म्हणून दोष इतके दिवस लपला. चाचणीच्या बिल्डमध्ये ती स्थलांतर झाल्या झाल्या पुसून टाकू या." आता चाचणीत स्थलांतर झालं की जुनी जागा अशा शब्दांनी भरतो, जे प्रोसेसर आज्ञा म्हणून मानतच नाही. चुकीचा पत्ता घेऊन कोणी तिथे गेला की त्याच क्षणी सापडतो. पहिल्याच रात्री या चाचणीनं आणखी एक न बदललेला पत्ता पकडून दिला, जो केंद्रावर अजून कोणालाही त्रास देत नव्हता.

एक धडा या पहाऱ्यांविषयीचाच आहे. पहारेकरीही त्याच क्रमात कुठेतरी उभा असतो. छापायची सोय नसताना छापून इशारा देणारी तपासणी निरुपयोगी. कर्नल सुरुवातीचे संदेश मेमरीत साठवून ठेवतो आणि कन्सोल मिळाल्यावर ओततो, पण त्याआधीच यंत्र मेलं तर ते कोणी वाचत नाही. म्हणून अगदी पहिल्या टप्प्यातल्या आमच्या तपासण्या फक्त एक दिवा ठरलेल्या संख्येनं लुकलुकवतात. त्याला एक रजिस्टर पुरतं. पहारा ज्या गोष्टीचा, तिच्याही आधी जे तयार असतं त्यावरच पहारा उभा करायचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी नवी आवृत्ती घेऊन, आधी फोन केलेल्या सचिवांच्या केंद्रावर गेले. पहाटे पाचला गावात वीज नव्हती. सव्वापाचला आली. बल्ब आधी तांबूस पेटला आणि मग हळूहळू पांढरा झाला. डब्याचा पडदा उजळला, सचिवांनी पहिली किटली काट्यावर ठेवली, पावती निघाली. मी कोपऱ्यात लॅपटॉप जोडून बूटची नोंद उघडली आणि ती एक ओळ शोधली.

प्रयत्नांची संख्या तिथे ३ होती.

वर्षभर शून्य सांगणाऱ्या त्या ओळीनं त्या पहाटे पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. चिपनं तीन वेळा 'अजून नाही' म्हटलं होतं, कोडनं ते तीनही वेळा नीट ऐकून घेतलं होतं, आणि बाहेर रांग पुढे सरकत होती.